वाघाचा वावर आणि वाघाच्या वाटेतलं वावर : संगणक अर्थ कसा लावतो?

गेल्या अंकातल्या यंत्रभाषांतरावरच्या लेखात ‘संगणक शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून ठरवतो’ असं एक वाक्य होतं. त्यावर विदर्भातून आलेल्या पत्रांमधली उदाहरणं इतकी नेमकी आहेत की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे ‘वावर’ म्हणजे शेत. ‘गावाजवळ वाघाचा वावर’ हे मोबाईलवरच्या भाषांतराच्या ॲपला बरोबर कळतं. पण ‘वावरात वाघ दिसला’ असं टाकलं की इंग्रजीत ‘वाघ फिरताना दिसला’ अशा अर्थाचं वाक्य येतं, शेत गायब. एक वावर कळतो, दुसरं कळत नाही, असं का?
— माध्यमिक शिक्षक, पांढरकवडा (यवतमाळ)

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. ये-जा करणाऱ्या वावराला तुम्ही ‘कळतो’ लिहिलंत आणि शेताच्या वावराला ‘दुसरं’. ये-जा या अर्थाचा वावर पुल्लिंगी, शेत या अर्थाचं वावर नपुंसकलिंगी. ‘वाघाचा वावर’ इथं ‘चा’ दिसताच निम्मा निकाल लागतो. ‘वावरात’ म्हटलं की मात्र ही खूण पुसली जाते, कारण दोन्हींचं सामान्यरूप ‘वावरा-’ असंच होतं.

मराठीत अशी सोय बऱ्याच शब्दांना आहे. माळावर ढोरं चरतात, माळेत मणी असतात. वेळ गेला आणि वेळ आली यांतला फरक क्रियापदच सांगतं. हार घातला की फुलांचा, हार पत्करली की पराभव. पण अनेक प्रकल्पांत पहिली पायरी म्हणून शब्दाचे प्रत्यय कापून मूळ रूप काढलं जातं. ही सवय इंग्रजीकडून आलेली. मराठीत तसं केलं की हाती आलेला पुरावाच केरात जातो. प्रत्यय कापावेत, पण कापलेला तुकडा बाजूला जपून ठेवावा.

लिंगाची खूण नसेल तिथं शेजार बघावा लागतो. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकन गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी १९४९ साली यंत्रभाषांतरावर एक टिपण लिहिलं. कागदाला भोक पाडून एकच शब्द दिसू दिला तर अर्थ ठरवता येणार नाही, पण भोक रुंद करत दोन्ही बाजूंचे काही शब्द दिसू दिले तर ठरवता येईल, असं त्यांनी त्यात मांडलं. पुढची कित्येक वर्षं संशोधकांनी हे भोक किती रुंद असावं याचाच काथ्याकूट केला.

आता हिशेब करून बघू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत. समजा, ‘वावर’ असलेली २०० वाक्यं माणसांनी वाचून खुणा केल्या : १४० शेताची, ६० वावरण्याची. म्हणजे शेजार न बघताच शेताचं पारडं १४० भागिले ६०, सुमारे २.३३ पट जड. ‘बिबट्या’ हा शब्द शेताच्या ७ वाक्यांत आहे (५ टक्के) आणि वावरण्याच्या २४ वाक्यांत (४० टक्के). तो दिसला की वावरण्याचं पारडं ८ पट जड होतं. ८ ला २.३३ ने भागलं की ३.४ येतात. निकाल वावरण्याच्या बाजूने.

वाक्य ‘तुरीच्या वावरात बिबट्या’ असं असेल तर? ‘तूर’ शेताच्या २८ वाक्यांत (२० टक्के), दुसऱ्या अर्थाच्या ३ वाक्यांत (५ टक्के). म्हणजे शेताला ४ पट जोर. ३.४ भागिले ४ म्हणजे ०.८६. आकडा एकच्या खाली आला, शेत जिंकलं, पण जेमतेम. ‘-त’ हा प्रत्यय वेगळा पुरावा म्हणून मोजला, तर अंतर वाढतं. कारण ये-जा या अर्थाचा वावर ‘वावरात’ या रूपात क्वचितच येतो.

या पद्धतीला नाईव्ह बेज म्हणतात. तिच्यात दोन खड्डे आहेत. एखादा शब्द एका अर्थासोबत कधीच आलेला नसेल तर त्याचा वाटा शून्य होतो आणि शून्याने गुणलं की बाकी सगळा पुरावा वाया जातो. म्हणून प्रत्येक मोजणीत आधीच १ मिळवून ठेवतात. दुसरा खड्डा असा, की ही पद्धत प्रत्येक शब्द स्वतंत्र साक्षीदार मानते. ‘बिबट्या’ आणि ‘वनविभाग’ बातम्यांत नेहमी जोडीनेच येतात. खरं तर साक्ष एकच, पण मोजली जाते दोनदा.

तुमच्या ॲपच्या पोटात नेमकं काय घडलं ते बाहेरून सांगता येत नाही. पण अशी चूक होण्याची नेहमीची वाट हीच. वरच्या हिशेबात १४० आणि ६० हे आकडे उलटे करून पाहा. यंत्राला शिकवलेला मजकूर मुख्यतः वर्तमानपत्रं आणि इंटरनेटवरची प्रमाण मराठी, आणि त्यात शेताला ‘शेत’ म्हणतात. तिथं ‘वावर’ म्हणजे बहुतेक वेळा बिबट्याचा नाहीतर गुंडांचा. मग तीन शब्दांच्या वाक्यात दुसरा पुरावा नसला की नेहमीचा अर्थ बाजी मारतो.

प्रश्न : शब्दकोश संगणकात भरलेला असताना तो सरळ शब्द काढून अर्थ का बघत नाही?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, आर्वी (वर्धा)

शब्दकोश अर्थ किती आहेत ते सांगतो, या वाक्यात कुठला ते नाही. तरीही शब्दकोशालाच कामाला लावण्याची युक्ती संगणकशास्त्रज्ञ मायकल लेस्क यांनी १९८६ मध्ये मांडली आणि ती हातानं करून बघण्याजोगी आहे. प्रत्येक अर्थाची व्याख्या घ्यायची, वाक्यातल्या इतर शब्दांशी किंवा त्यांच्या व्याख्यांशी ताडायची, जिथं जास्त शब्द जुळतील तो अर्थ.

वाक्य घेऊ, ‘हर्रासात कापसाचा भाव पडला’. भाव (१) : बाजारातील वस्तूची किंमत, दर. भाव (२) : मनातील भावना, चेहऱ्यावर दिसणारी छटा. आता जुळवा. हर्रास, कापूस, पडला यांपैकी एकही शब्द दोन्ही व्याख्यांत नाही. शून्य विरुद्ध शून्य. लेस्कची पद्धत सर्वांत जास्त इथंच अडते, कारण व्याख्या आखूड असतात आणि कोशकार नेमके शब्द वापरतात, बोलणारे नव्हेत.

उपाय असा की व्याख्या फुगवायची. हर्रासाचा समानार्थी लिलाव, लिलाव हा विक्रीचा प्रकार. किंमतही विक्रीशी जोडलेली. नात्यांचं असं जाळं लागतं. इंग्रजीसाठी प्रिन्स्टन विद्यापीठात वर्डनेट झालं. मराठीचं वर्डनेट आयआयटी मुंबईत, आधी झालेल्या हिंदी वर्डनेटवरून विस्तारत तयार झालं. त्यात शब्द नव्हे तर अर्थ हा एकक असतो, आणि एकाच अर्थाचे शब्द एका गटात बसवलेले असतात.

मराठीत यापुढे आणखी एक अडचण आहे, कोशात शोधायचा कुठला शब्द? ‘मोठ्या भावाने कापूस विकला’ आणि ‘चांगल्या भावाने कापूस विकला’ ही वाक्यं बघा. पहिल्यात मूळ शब्द ‘भाऊ’, दुसऱ्यात ‘भाव’. सामान्यरूप दोघांचं ‘भावा-’. संगणकाला आधी मूळ शब्द ठरवावा लागतो आणि मग त्याचा अर्थ, आणि दोन्हींसाठी पुरावा तोच : आधीचं विशेषण आणि क्रियापद. ‘मोठ्या’ आणि ‘धाकट्या’ने भाऊ, ‘चांगल्या’, ‘पडत्या’ आणि ‘हमी’ने दर.

इथं एक प्रसिद्ध नियमही फसतो. गेल, चर्च आणि यारोव्स्की या संशोधकांना १९९२ मध्ये असं आढळलं, की एका सलग लेखात एखादा शब्द पुन्हा पुन्हा आला तर त्याचा अर्थ सुमारे ९८ टक्के वेळा तोच राहतो. ठळक, वेगवेगळे अर्थ आणि नीट लिहिलेला मजकूर, यांपुरता हा नियम उत्तम चालतो. पण ‘भावाने चांगल्या भावाने विकला’ असं कुणी लिहिलं की लेख राहू द्या, वाक्यातच तो कोसळतो.

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या व्हॉट्सॲप नंबरवर येणारे मेसेज कीड-रोग, मशागत, पाणी, बाजार असे आपोआप वेगळे करायचे आहेत. ‘पाळी’, ‘वाणी’, ‘मर’, ‘काटा’, ‘बंडी’ हे शब्द घोळ घालतात. कोडिंग येणारा एक मुलगा आहे, मोठा खर्च झेपणार नाही. सुरुवात कुठून करू?
— कार्यालयीन कर्मचारी, राळेगाव (यवतमाळ)

खर्च लागणारच नाही. वाचायला बसणारी दोन माणसं लागतील.

आधी फक्त घोळ घालणाऱ्या शब्दांची यादी करा. पंधरा-वीसच्या वर जाऊ नका. प्रत्येकापुढे तुमच्या कामात येणारेच अर्थ लिहा. ‘बंडी’ला कोशात अंगात घालायची बंडी असेल, पण तुमच्याकडे बंडीचा मेसेज म्हणजे बैलबंडीच. दुसरा अर्थ काढून टाका, म्हणजे तो शब्द यादीतूनच गेला. ‘काटा’चे दोन ठेवा, वजनाचा आणि काट्याकुट्यांचा. ‘मर’चा एकच, हरभऱ्या-तुरीवरचा रोग. ‘पाळी’चे चार लागतील : डवऱ्याची-वखराची, कालव्याच्या पाण्याची, नंबर या अर्थाची आणि आरोग्याची. शेवटच्या प्रकारचे मेसेज चुकून येतात, पण येतात. ते कुठल्याही ग्रुपवर आपोआप पुढे जाणार नाहीत एवढी व्यवस्था पहिल्याच दिवशी करा.

यादी झाली की परीक्षा घ्या, संगणकाची नव्हे, माणसांची. तेच ५० मेसेज दोघांना वेगवेगळे बसून खुणा करायला द्या. ४५ पेक्षा कमी ठिकाणी जुळलं तर दोष तुमच्या यादीत आहे. अर्थ फार बारीक पाडले असणार, ते एकत्र करा. माणसांचंच जुळत नसेल तिथं यंत्राकडून अपेक्षा ठेवू नये.

मग प्रत्येक अर्थाची किमान ५०, जमल्यास १०० वाक्यं खुणा करून जमवा. ती खऱ्या मेसेजमधलीच हवीत, नाव-नंबर काढून. ऑफिसात बसून रचलेली वाक्यं फार सुबक होतात. ‘डवऱ्याची दुसरी पाळी कधी द्यावी?’ असं पूर्ण वाक्य शेतकरी लिहीत नाही. तो लिहितो, ‘पाळी देऊ का पाऊस हाय’.

यातून नियमांची उतरंड बनवा. डेव्हिड यारोव्स्की यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की लगतचा एखादा ठरावीक शब्द पुष्कळदा एकटाच अर्थ सांगून जातो. ‘पाळी’च्या अलीकडे डवऱ्याची, वखराची असेल तर मशागत; पाण्याची, कालव्याची असेल तर पाणी; ‘चुकली’, ‘पोट दुखते’ असेल तर आरोग्य. प्रत्येक नियम तुमच्या वाक्यांवर किती वेळा बरोबर आला ते मोजा, सर्वांत भरवशाचा वर ठेवा, आणि वरून खाली येताना जो पहिला लागू पडेल त्याचं ऐका. सगळ्यांची बेरीज करू नका. या पद्धतीचा फायदा असा, की चूक झाली तर कुठल्या नियमाने केली ते तुमच्या मुलाला डोळ्यांनी दिसतं.

‘वाणी’वर थोडा जास्त वेळ द्या. खरिपाच्या सुरुवातीला सोयाबीन-कपाशीचे कोवळे कोंब कुरतडणारी वाणी, आणि बियाण्याचं वाण. ‘वाणीचा बंदोबस्त’ कीड-रोगात जायला हवा, ‘वाणाचा दाखला’ बियाण्यात. फरक काना की वेलांटी एवढाच. त्यात लोक घाईत ‘वानी’ लिहितात. मुलाला वाटेल, सगळ्या ‘वानी’च्या ‘वाणी’ करून टाकाव्यात. तसं करू नका. ‘पिवयं पडलं हळदीवानी’ इथं वानी म्हणजे सारखं. शब्दाला चिकटून आली तर सारखी, सुटी आली आणि जवळ कोंब, रोप, कुरतडलं, सोयाबीन असं काही असलं तर कीड. आणि वाणी हे आडनावही आहे, हे मेसेजच्या शेवटच्या ओळीत लक्षात ठेवा.

तारीख हाही पुरावा आहे आणि तो फुकट मिळतो. जून-जुलैत ‘वाणी’ बहुधा कीड. जुलै-ऑगस्टात ‘पाळी’ बहुधा डवऱ्याची, रब्बीत बहुधा पाण्याची. कापूस विक्रीला निघाला की ‘काटा’ वजनाचा. मात्र यामुळे एक चूक हमखास होते. एकाच हंगामातल्या मेसेजवर यंत्र शिकवलं तर पुढच्या हंगामात ते अडाणी ठरतं. वर्षभराचे मेसेज घ्या.

टायपिंगचे घोळ वेगळेच. ‘धुऱ्यावर’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. कुणाच्या कीबोर्डवर ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरून, कुणाच्या साध्या ‘र’ला हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. सगळा मजकूर आधी एका पद्धतीत आणा. जुन्या पत्रकांचा मजकूर कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींसाठीच्या सामायिक संकेत-पद्धतीत) बदला. तो आतून देवनागरी नसतोच, रोमन अक्षरांवर चढवलेला देवनागरी पेहराव असतो. रोमन लिपीत आलेल्या मेसेजना सर्वांत जपून. तिथं पाळी आणि पाली एकच, काटा आणि कट्टाही पुष्कळदा एकच. रूपांतर करताना एकच पर्याय ठरवून टाकू नका, दोन्ही पुढे पाठवा आणि शेजारच्या शब्दांना ठरवू द्या.

शेवटी मोजमाप. खुणा केलेल्या वाक्यांचा पाचवा भाग आधीच बाजूला ठेवा, नियम बनवताना त्याकडे बघू नका आणि परीक्षा त्याच्यावर घ्या. निकाल शब्दवार लिहा, एकत्र सरासरी फसवते. आणि तुलना शून्याशी नको. डोळे मिटून प्रत्येक शब्दाचा नेहमीचाच अर्थ लावत गेलं तरी इंग्रजीच्या प्रमाण चाचण्यांत सुमारे ६५ टक्के उत्तरं बरोबर येतात. म्हणून ७० टक्क्यांवर पेढे वाटू नका. दोन अर्थांच्या पारड्यांत तिपटीपेक्षा कमी फरक असेल तो मेसेज माणसाकडे जाऊ द्या. वर पाहिलेला ‘तुरीच्या वावरात बिबट्या’ या कसोटीला माणसाकडेच गेला असता, आणि ते योग्यच.

प्रश्न : प्रकल्पासाठी बहुभाषी ‘बर्ट’ (शब्दांना आकड्यांचं रूप देणारं तयार भाषा-मॉडेल) वापरतो आहोत. एका वाक्यात ‘तूर’च्या जागी ‘तर’ टाकलं तरी आकडे हुबेहूब तेच येतात. कोडमध्ये चूक सापडत नाही.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, शेगाव (बुलढाणा)

कोड ठीक असेल, आवृत्ती चुकीची आहे. तुम्ही ‘अनकेस्ड’ घेतलेली दिसते. ती मजकूर आत घेताना मोठी अक्षरं लहान करते आणि युरोपीय अक्षरांवरची स्वरचिन्हं झाडून टाकते. युनिकोडमध्ये ज्या वर्गात ती चिन्हं आहेत, त्याच वर्गात आपले उकार (ु, ू), एक मात्रा (े), दोन मात्रा (ै), अनुस्वार आणि हलन्तही आहेत. ते सगळं झाडलं जातं. काना, वेलांटी आणि ‘ो’ वेगळ्या वर्गात असल्याने वाचतात. म्हणून ‘तूर’चं ‘तर’, ‘शेत’चं ‘शत’, ‘गहू’चं ‘गह’. ‘मूल’ आणि ‘मेल’ दोन्हींचं ‘मल’. अर्थ ओळखायच्या आधीच यंत्राने स्वतः नवे घोळ तयार केले.

झाडणी बंद करण्याचा पर्याय असतो, पण त्याने भागत नाही. त्या मॉडेलचा शब्दसंग्रहच झाडलेल्या मजकुरावर बनला आहे, त्याला ‘तूर’ अनोळखी वाटेल. ‘केस्ड’ आवृत्ती घ्या, किंवा गूगलचं ‘मुरिल’ (२०२१, इंग्रजी धरून १७ भाषा), किंवा पुण्याच्या एल३क्यूब गटाचं मराठीसाठीचं ‘महाबर्ट’. कुठलंही घेतलंत तरी पहिल्या पाच मिनिटांत तूर, शेत, गहू, पेरणी हे शब्द देऊन त्याने केलेले तुकडे छापून बघा. मात्रा जाग्यावर असतील तरच पुढे जा. ‘वावरातल्या’सारख्या शब्दाचे दोन-तीन तुकडे होणारच, अर्थ ताडताना त्या सगळ्या तुकड्यांच्या आकड्यांची सरासरी घ्या, पहिल्याच तुकड्यावर थांबू नका.

प्रश्न : वऱ्हाडीत ‘काया बैल’, ‘माया वावरात’ लिहिलं की यंत्र शरीर आणि ममता समजतं. आमची बोली याला कधी कळेल का?
— वाचक, अंजनगाव सुर्जी (अमरावती)

कळायला अडचण काहीच नाही, वाक्यं नाहीत एवढंच. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. काळा, डोळे, गळा यांची काया, डोये, गया ही रूपं प्रमाण मराठीतल्या किंवा हिंदीतल्या दुसऱ्याच शब्दांवर जाऊन बसतात. ‘काया’ला संस्कृतातून आलेली देह-काया भेटते, ‘गया’ला हिंदीतलं क्रियापद आणि बिहारमधलं शहर.

बरेच लोक आधी बोलीचं ‘शुद्ध’ मराठीत रूपांतर करणारी पायरी टाकतात. आमचं मत त्याच्या विरुद्ध आहे. ‘काया’चा सरसकट ‘काळा’ केला तर ‘कंचनाची काया’ही काळी होईल. अर्थाच्या यादीतच ‘काया’ला दुसरा अर्थ द्यावा. मागोमाग बैल, ढग, माती असं काही आलं की रंग. ‘माया’च्या पुढे -त, -ले, -वर असा प्रत्यय लागलेलं नाम आलं की ‘माझ्या’. ‘आईची’ किंवा ‘लेकरावर’ आधी आलं की ममता.

‘बी’चं कोडं तर जागेवरूनच सुटतं. ‘कपाशीचं बी’ म्हटलं की बियाणं, ‘कपाशी बी’ म्हटलं की ‘सुद्धा’. षष्ठीचा प्रत्यय आहे की नाही, एवढाच प्रश्न. ‘अन् बी बी संपलं’ या वाक्यातही पहिलं बी नाम आणि दुसरं अव्यय, हे क्रमावरून ठरतं. नामाच्या आधी ‘सुद्धा’ येत नाही.

अर्थांच्या यादीसाठी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उपयोगी पडेल. त्यात अनेक शब्दांपुढे (व.) म्हणजे वऱ्हाडी आणि (ना.) म्हणजे नागपुरी अशा खुणा आहेत. वाक्यं मात्र आजची, बोललेली, तशीच्या तशी उतरवलेली हवीत.

प्रश्न : आमच्या सीमेवरच्या भागात हिंदी-मराठी मजकूर सरमिसळ असतो. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण की दंड, हे संगणक कसं ठरवणार?
— ग्रंथपाल, सावनेर (नागपूर)

आधी भाषा, मग अर्थ. जवळ है, को, में असेल तर हिंदी आणि शिक्षण. आहे, ला, सुनावली, भोगली असेल तर मराठी आणि दंड. लिपी एकच असल्याने अक्षरांवरून भाषा कळत नाही, या छोट्या शब्दांवरूनच कळते. म्हणून ‘निरुपयोगी’ समजून ते गाळण्याची जी रूढ पायरी आहे, ती इथं टाळा. ‘यंत्रणा’ आणि ‘चेष्टा’ या शब्दांनाही हाच न्याय लावा. हिंदीत त्या यातना आणि प्रयत्न आहेत.

प्रश्न : प्रश्न विचारला की उत्तर देणारी मोठी मॉडेल्स आली. आता ही मोजदाद, याद्या, नियम कालबाह्य नाहीत का?
— संगणक शिक्षक, वर्धा

मोठ्या मॉडेलच्या आतही शेजारच्या शब्दांवरच काम चालतं, फक्त मोजणी माणसाने खुणा करून दिलेली नसते. २०१३ साली आलेल्या वर्ड२व्हेक या पद्धतीत प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच यादी मिळायची. ‘वावर’ला एकच यादी, म्हणजे शेत आणि ये-जा यांची खिचडी. २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर ही रचना आली आणि २०१८ मध्ये तिच्यावर उभं असलेलं बर्ट. त्याच्या मूळ लहान आवृत्तीत १२ थर आहेत आणि प्रत्येक तुकड्यासाठी ७६८ आकडे. प्रत्येक थरात प्रत्येक शब्द वाक्यातल्या बाकीच्यांकडे बघतो, कुणाचं किती ऐकायचं ते ठरवतो आणि त्याप्रमाणे स्वतःचे आकडे बदलतो. ‘तुरीच्या वावरात’ मधल्या ‘वावर’चे आकडे बाराव्या थरापर्यंत शेताकडे सरकलेले असतात, ‘वाघाचा वावर’ मधल्याचे दुसरीकडे. कुणी अर्थांची यादी दिलेली नसते.

इस्रायली भाषातज्ज्ञ बार-हिलेल यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं, की ‘पेटी पेनमध्ये होती’ यातलं ‘पेन’ लेखणी नसून लहान मुलांना खेळायला ठेवण्याचं कुंपण आहे, हे यंत्राला कधीच कळणार नाही. त्यासाठी वस्तूंचे आकार माहीत असावे लागतात. इंग्रजीत पेनचे हे दोन्ही अर्थ आहेत. आजची मॉडेल्स हे वाक्य सोडवतात. अर्थात आता ते वाक्य इतक्या पुस्तकांत छापलं गेलं आहे, की परीक्षा म्हणून त्याची किंमत उरलेली नाही.

तरी याद्या आणि खुणा लागतातच. एक, मॉडेल बरोबर आहे हे तुम्ही कशाच्या आधारे म्हणणार? परीक्षेचा संच माणसांनाच बनवावा लागतो. दोन, ज्या बोलीतला मजकूर त्याने वाचलेला नाही तिथं ते तितक्याच ठामपणे चुकतं. आवाजात कचरलेपण नसतं. काम करून घ्यायचं असेल तर नुसता मेसेज टाकून ‘अर्थ सांग’ म्हणू नका. मेसेज कुठल्या जिल्ह्यातून, कुठल्या महिन्यात आला ते लिहा. शब्दाचे अर्थ क्रमांक देऊन पुढे ठेवा. प्रत्येकाची दोन-दोन वाक्यं द्या. आणि शेवटचा क्रमांक ‘ठरवता येत नाही’ असा ठेवा. हा शेवटचा पर्याय नसेल तर ते कुठलातरी एक निवडतंच.

प्रश्न : ‘कापसाला भाव नाही अन् शेतकऱ्यालाही’ यात ‘भाव’ एकदाच आला, पण अर्थ दोन. याचं संगणक काय करतं?
— वाचक, नेर (यवतमाळ)

एका शब्दाला एकच खूण लावायची अशी रचना असेल तर ‘दर’ लावून मोकळं होतं, आणि शेतकऱ्याची किंमत क्विंटलमागे काढतं. अशा वाक्यांना दोन खुणा लावण्याची मुभा खुणा करणाऱ्यांना द्यावी. शिकवण्याच्या संचातून ही वाक्यं वेगळी काढा, थोडी असली तरी नियम गढूळ करतात. परीक्षेच्या संचात मात्र राहू द्या, आणि तिथं दोन्हींपैकी एक अर्थ आला तर अर्धा गुण.